फोन डिकीत ठेव आणि गाडीसमोर बस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल गाडी व्हॅक्यूम करत होतो. पुढच्या सीटखाली, ती सीट सरकते ना त्या पट्टीपाशी, पेबल बीचच्या त्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या पार्किंगचा जाड कागद अडकलेला सापडला. कचऱ्यात टाकणारच होतो, सहज मागची बाजू बघितली आणि तिथेच ड्राइव्हवेवर बूड टेकून बसलो. रविवारी तिथून येताना हायवे 68 वर सॅलिनसच्या अलीकडे आपण पाऊण तास अडकलो होतो, मी ट्रॅफिकला शिव्या घालत होतो आणि तू गप्प, मला वाटलं पहाटे तीनला उठलीये बिचारी, झोपली असेल. झोपली नव्हतीस. माझ्या कॅमरीचा तुझ्या बाजूचा आरसा काढत होतीस. बॉलपेननं. आरशात मागची पिकअप, तिच्या खिडकीतून बाहेर लोंबणारा कुणाचा तरी कोपर, आणि आरशावर खाली ते इंग्रजीतलं सूचनेचं वाक्य, त्याच्या दोन अक्षरांनंतर तू कंटाळलीस आणि सरळ रेघोट्या ओढल्यास. ते कंटाळणं मला सगळ्यात आवडलं.

म्हणजे दिवसभरात तू चारशेच्या वर फोटो काढलेस (फोन भरला म्हणून तूच रडत होतीस) आणि चित्र एक. तेही जगातल्या सगळ्यात देखण्या दोनशेएक गाड्या बघून झाल्यावर एका दहा वर्षं जुन्या टोयोटाच्या आरशाचं. मला राग यायला हवा होता, आला नाही. म्हणून हे पत्र.

आणि दुसरं कारण वाटेतल्या लसणाच्या गिलरॉय गावाचं. लसणाचा वास सुरू झाला, मी काच वर केली, आणि तू एका दमात तीन प्रश्न टाकलेस. काका, चित्रांच्या तंबूतले ते सगळे लोक गाड्या फोटोवरूनच काढतात ना? मग सरळ फोटोच का नाही लावत? आणि असं असेल तर मी हे शिकून काय करू? मी रेडिओ लावला. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं गं, उत्तर नव्हतं. होतं, पण तोंडाने दिलं असतं तर भांडण झालं असतं.

तुझ्या हातात कला आहे वगैरे मी लिहिणार नाही. ते तुझी आई व्हॉट्सअपवर रोज लिहिते, शिवाय फुलांच्या फोटोसकट. तुझी अडचण ती नाहीच. तुझी अडचण अशी की तू गाडीसमोर बसत नाहीस. (हो, "गाडीसमोर बस" म्हणलं की एसटी स्टँडची पाटी वाटते, हसून घे, पण या पत्रात ते मी दहा वेळा म्हणणार आहे.)

पहाटेचं आठव. साडेपाचला आपण गोल्फच्या मैदानावर, त्या अठराव्या फेअरवेच्या कडेला उभे होतो, हात गारठलेले, कार्मेलच्या खाडीवरून धुकं येतंय, आणि त्या धुक्यातून आधी नुसता आवाज, मग दोन पिवळट दिवे, मग गाडी. एकेक करत ओल्या गवतावर येत होत्या. लोक त्याला डॉन पॅट्रोल, म्हणजे पहाटेची गस्त, म्हणतात, फुकट टोपी आणि डोनट मिळतं म्हणून अर्धे येतात असं मी म्हणलं आणि तू हसलीस. मग ती काळी गाडी आपल्यापासून चार हातांवर थांबली, इंजिन बंद झालं, कच्च्या पेट्रोलचा वास, आणि मी तुला म्हणलं, बस इथं दहा मिनिटं, ह्या दिव्याकडे बघ. तू म्हणालीस हो हो, फटाफट पंधरा फोटो मारलेस आणि राजे-महाराजांच्या गाड्या कुठल्या बाजूला लागणार ते शोधत पळालीस. 2018 ला खास भारतातल्या संस्थानिकांच्या गाड्यांचा वर्ग ठेवलाय म्हणल्यावर तुझा जीव तिकडे ओढणार हे मलाही कळतं, मीही इंदूरच्या होळकरांच्या ड्यूसेनबर्गच्या गोष्टी ऐकत मोठा झालोय. पण तू काय सोडून गेलीस ते सांगतो.

त्या दिव्याची क्रोमची वाटी बाहेरून फुगीर. त्यात आख्खं मैदान होतं, सुलट, पण वाटाण्याएवढं. वरती राखाडी आकाश, मध्ये एक काळी कड म्हणजे खाडीपलीकडचे डोंगर आणि झाडं, खाली गवत. गवत हिरवं नव्हतं बरं का, जवळजवळ काळं होतं, फक्त जिथे दव होतं तिथे चांदीसारखं. त्या काळ्या कडेत एक बारीक ठिपका, तो मी. आता त्याच दिव्याच्या काचेतून आत बघायचं. आतला रिफ्लेक्टर खोलगट. तिथे सगळं जग उलटं. आकाश खाली, माणसं डोक्यावर उभी. एकाच दिव्यात बाहेरून सुलट आणि आतून उलट, आणि सहाच्या सुमारास उजेड वाढला तसं बाहेरचं राखाडी आधी जांभळट झालं, मग गुलाबी, आणि आतलं मात्र बराच वेळ तसंच. मी अर्धा तास तिथे होतो. गुडघे दुखायला लागले म्हणून उठलो, नाहीतर अजून बसलो असतो. तुझ्या पंधरा फोटोंमध्ये हे आहे का बघ. मी सांगतो काय असेल, एक पांढरा भपका आणि त्याच्या शेजारी तुझा स्वतःचा फोन धरलेला हात.

म्हणून म्हणतो, गाडीसमोर बस.

आता तो तंबू. तू अठरा मिनिटांत बाहेर आलीस, मी घड्याळ बघितलं होतं, माझ्या अंगात तो वाईट गुण आहे. तिथे चित्रं लावणारी ऑटोमोटिव्ह फाइन आर्ट्स सोसायटी ही काही कॅलेंडर छापणाऱ्यांची संस्था नाही. 1983 साली मोजक्या चित्रकारांनी मिळून काढली कारण गॅलरीवाले गाडीच्या चित्राला चित्र मानायलाच तयार नव्हते, घोड्याचं चालतं, बोटीचं चालतं, गाडीचं म्हणजे जाहिरात. केन एबर्ट्स त्यांचे पहिले अध्यक्ष, आधी फोर्डमध्ये डिझायनर होते. टॉम हेल पण डेट्रॉइटच्या डिझाइन स्टुडिओंमधूनच आलेले, ते आख्खी गाडी क्वचितच काढतात, एखादा कोपरा घेतात, बंपर आणि ग्रिल जिथे भेटतात तेवढाच, आणि त्यात दुनिया दिसते. निकोला वूड, मूळच्या इंग्लंडच्या, आधी कापडावरची डिझाइनं करायच्या, आणि मग कॅडिलॅकच्या शेपट्यांच्या प्रेमात पडल्या. हे असे लोक. आयुष्यभर पत्र्याकडे बघितलेले. त्यातले काही फोटो वापरतात का? वापरतात. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे, मी खोटं कशाला बोलू. पण ज्याने वीस वर्षं फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, घडवलाय तो फोटो बघताना फोटोत नसलेलं पण बघतो. तू आणि मी तसं नाही बघू शकत. निदान अजून तरी नाही. फोटो हा त्यांच्यासाठी आठवणीचा कागद, तुझ्यासाठी तो सगळंच.

आणि फोटो म्हणजे खरं, हे तुला कोणी शिकवलं? तुझ्या फोनची लेन्स रुंद असते, तू गाडीच्या नाकाजवळ जाऊन मारतेस, मग अलीकडचा दिवा परातीएवढा आणि मागचं चाक बशीएवढं. तेच तू घरी जाऊन कॉपी करतेस आणि मग मला विचारतेस गाडी फुगल्यासारखी का दिसते. कॅमेऱ्याच्या खोट्याची एक मजा सांगतो. फ्रान्समध्ये लार्तीग नावाचा एक पोरगा होता, 1910 च्या दशकात तो रेसच्या गाड्यांचे फोटो काढायचा. त्या काळी कॅमेऱ्याचा पडदा एका फटीसारखा सरकायचा, म्हणजे फोटोचा एक भाग आधी उमटायचा, दुसरा नंतर, तेवढ्यात गाडी पुढे गेलेली. त्यामुळे त्याच्या एका प्रसिद्ध फोटोत चाक गोल नाही, पुढे झुकलेलं लंबगोल आहे, आणि त्याने कॅमेरा गाडीबरोबर फिरवला म्हणून कडेचे प्रेक्षक उलट्या बाजूला कललेत. शुद्ध तांत्रिक चूक. पण लोकांना तो वेग वाटला. त्यानंतर कितीतरी चित्रकारांनी आणि कार्टूनवाल्यांनी पुढे झुकलेली चाकं काढली. आजही लहान पोरं वेगातली गाडी अशीच काढतात. कॅमेऱ्याच्या चुकीची नक्कल शंभर वर्षं चाललीये आणि तू म्हणतेस फोटोच लावा की.

उलट बाजूचा चित्रकार बघायचा तर पीटर हेल्क. जन्म 1893 चा, लहानपणी लाँग आयलंडवर व्हँडरबिल्ट कपच्या रेस स्वतः जाऊन बघितलेल्या. 1908 ची रेस जिंकलेली लोकोमोबिल, 16 नंबरची, तीच "ओल्ड 16", पुढे त्याने विकत घेतली आणि कित्येक वर्षं स्वतःकडे ठेवली. नंतर ती हेन्री फोर्ड म्युझियममध्ये गेली. त्याच्या चित्रातली धूळ बघ कधी, धुळीलासुद्धा वजन आहे. असणारच, घशात गेलेली धूळ आहे ती. गाडीसमोर बसायला मिळावं म्हणून माणसाने गाडीच घरी आणली! माझी ऐपत असती तर मीही आणली असती, पण बायकोने मलाच गराजमध्ये झोपवलं असतं.

तू म्हणशील, काका, आणि ते पॉन्टियाकच्या जाहिरातीवाले? आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन. बरोबर आहे, मीच तुला ती पानं दाखवली होती. 1959 ते 1971 ते दोघं पॉन्टियाकसाठी काढत होते, फिट्झ गाडी काढायचा आणि व्हॅन मागचं सगळं, समुद्रकिनारा, हॉटेल, नटलेल्या बायका. आणि फिट्झच्या गाड्या खऱ्यापेक्षा रुंद असायच्या, मुद्दाम, धडधडीत. मला ते चालतं. कारण ताणून ताणून कुठे थांबायचं ते त्याच्या हाताला माहीत होतं, स्वतः गाड्या डिझाइन केलेला माणूस. तुझी गाडी पण रुंद होते, पण ती तुझ्या फोनने केलेली असते. तू केलेली नसतेस.

आणि दुपारी सँडविच खाताना तू म्हणालीस की तुला तंबूपेक्षा त्या बीएमडब्ल्यू आर्ट कार भारी वाटतात, गाडीचं चित्र काढण्यापेक्षा गाडीवरच काढायचं. मी काही बोललो नाही कारण तोंडात घास होता. पण त्यातही माझाच मुद्दा आहे. 1975 मध्ये एर्व्हे पुलां नावाच्या फ्रेंच लिलाववाल्याने, तो रेस पण करायचा, अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराकडून पहिली गाडी करून घेतली. तेव्हा पद्धत अशी की कलाकाराने छोट्या मॉडेलवर रंगवायचं आणि मग दुसऱ्यांनी ते खऱ्या गाडीवर उतरवायचं. 1979 ला अँडी वॉरहॉलने मात्र ब्रश घेऊन थेट खऱ्या एम 1 गाडीवर हात चालवला, अर्ध्या तासाच्या आत, 28 मिनिटं सांगतात, काही ठिकाणी बोटांनी ओरखडलंय. तीच गाडी त्या वर्षी ल मान्सच्या शर्यतीत धावली, सहावी आली. मला वॉरहॉलचं बाकीचं काही फारसं कळत नाही, पण इथे त्याला मानतो. गाडीसमोर गेला तो.

आता जरा घरचं.

आमच्या वडिलांची फियाट होती, 1100 डिलाइट, सेकंडहँड, 1974 ला घेतलेली. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दारात उभी असायची, अर्धी रस्त्यात, आणि सकाळी दूधवाला रोज हँडलने तिला घासून जायचा. मी तेव्हा दिसेल ते काढायचो. पर्वती काढली, मंडई काढली, रिक्षावाले, लक्ष्मी रोडवरचे जाहिरातीचे बोर्ड सुद्धा. नंतर कमर्शियल आर्टला गेलो, तिथे तर एअरब्रशने ट्रॅक्टर आणि स्कूटर असे गुळगुळीत करायचो की मालक स्वतःची वस्तू ओळखायचा नाही. पण फियाट काढली नाही. एकदाही नाही. घरचीच आहे की, कधीही काढू. 1989 ला मी मिशिगनला आलो. 1996 ला वडिलांनी फोनवर सांगितलं की गाडी दिली, कोंढव्याचा कुणीतरी घेऊन गेला, आणि लगेच विषय बदलून तुमच्याकडे बर्फ किती पडलं विचारायला लागले.

2004 ला त्यांची पंचाहत्तरी. मी ठरवलं फियाटचं मोठं चित्र करून न्यायचं. फोटो एकच, 1978 चा, काकांनी अॅग्फा क्लिकवर काढलेला, काळा-पांढरा, पुढच्या बाजूने तिरका. अर्ध्या गाडीवर वाड्याची सावली. सावलीतलं काही दिसत नव्हतं ते मी माहितीवरून भरलं, फियाटची पुस्तकं मागवली, माप काढली, ग्रिलच्या पट्ट्या मोजल्या. रंग आठवणीतला, क्रीम. तीन महिने रात्री जागून केलं. ऑफिसातल्या लोकांनी बघितलं, तोंडात बोटं घातली. नीट गुंडाळून, ट्यूबमध्ये घालून, विमानात मांडीवर घेऊन पुण्याला नेलं. आठ-दहा माणसं जमलेली, वडिलांनी चष्मा लावला, हातभर लांब धरून बघितलं, परत जवळ घेतलं. म्हणाले, "सुंदर काढलीयेस. कोणाची रे?"

सगळे हसले, त्यांना वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. रात्री गच्चीवर मी विचारलं, बाबा, काय चुकलं? ते म्हणाले अरे चुकलं काही नाही. पण आपली गाडी अशी सरळ कुठे उभी राहायची? उजव्या बाजूला बसलेली असायची, मी एकटाच चालवायचो ना इतकी वर्षं, तिकडची स्प्रिंग गेलेली. आणि डाव्या दिव्याची रिंग जुन्या बाजारातून आणलेली, ती बसायचीच नाही नीट, दिवा खाली बघायचा. आणि क्रीम नव्हती रे ती, दुधी होती, सकाळच्या उन्हात हिरवट मारायची. हे सगळं त्यांना न बघता पाठ होतं. मी त्या गाडीशेजारून पंधरा वर्षं रोज सायकल काढली, आणि मला त्यातलं एक माहीत नव्हतं. काकांच्या कॅमेऱ्यालाही नव्हतं, तो डावा दिवा नेमका सावलीत.

ते चित्र अजून पुण्यात दिवाणखान्यात आहे. गेलो की मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. आणि पद्मिनी म्हण, डिलाइट म्हण, आता मुंबईत टॅक्सीतसुद्धा दिसत नाहीत. इथे बसून कुठल्या गाडीसमोर बसू मी?

तेव्हापासून फोटोवरून काढणं बंद. नियमच केला. गाडी समोर नसेल तर पेन्सिल उचलायची नाही. आता खरं सांगायचं तर ह्या नियमाने माझं नुकसान पण झालंय, ते तुला माझी बायको सांगेलच, मीच सांगतो. चौदा वर्षांत पूर्ण झालेली चित्रं एकोणीस. तिचं म्हणणं, "तुमचं तत्त्व म्हणजे आळसाला घातलेला कोट आहे." ती म्हणते तंबूतले लोक फोटो वापरून का होईना दर ऑगस्टला चित्र घेऊन येतात आणि तुम्ही पास मागून बघायला जाता. आता ह्यावर काय बोलायचं. नोकरी होती, दोन पोरांची कॉलेजं होती, घराचा हप्ता होता. मिशिगनला होतो तोवर त्या थंडीत कुठली क्लासिक गाडी बाहेर निघायची, सहा महिने सगळ्या गराजमध्ये कव्हर घालून. आणि एकोणीस म्हणजे अगदीच काही नाही असं पण नाही. त्यातली पाच-सहा मी तंबूत लावली असती तर कुणी हाकललं नसतं, एवढं मी लिहून देतो. अर्ज का नाही केला असं विचारू नकोस. एकदा फॉर्म भरून ठेवला होता.

बरं, जाऊ दे.

माझी नोकरी काय होती तुला नीट कधी सांगितलंच नाही वाटतं. सुरुवातीला टेप ड्रॉइंग. भिंतीवर गाडीच्या खऱ्या मापाचा मायलरचा कागद, त्यावर काळ्या क्रेप टेपने गाडीची रेषा ओढायची, आवडली नाही की सोलून परत ओढायची. हाताने, खांद्यापासून. मग क्ले मॉडेल, मग कॉम्प्युटर आले आणि मी सरफेसवाला झालो. सरफेसवाल्याचं काम काय, तर दाराचा पत्रा स्क्रीनवर घ्यायचा, त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे टाकायचे आणि ते पट्टे फेंडरवरून दारावर जाताना कुठे मोडतात का, अडखळतात का ते बघायचं. पट्टा मोडला की समजायचं उद्या शोरूममध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पण इथेच मोडणार आणि गिऱ्हाइकाला कळणार नाही काय, पण गाडी स्वस्त वाटणार. सव्वीस वर्षं मी हेच केलं. पत्र्यात काय दिसतं ते बघणं हा माझा पगार होता. म्हणून मी त्या दिव्यासमोर अर्धा तास बसतो, वेड नाहीये ते. निदान नुसतं वेड नाहीये.

आणि आता तुझा तिसरा प्रश्न, हे शिकून काय करू. म्हणजे खरं तर, बॅटरी कूलिंगच्या त्या नोकरीला हो म्हणू का पासाडेनाला आर्ट सेंटर या डिझाइनच्या कॉलेजला अर्ज करू. तू मला हे सहा महिन्यांत चार वेळा विचारलंस आणि चारही वेळा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. सरळ सांगतो. नोकरी घे. तुझ्या वडिलांनी सांगलीचं घर गहाण ठेवून तुला एमएसला पाठवलंय, ते आधी सोडव. त्यात काही तुझा जीव गुदमरत नाही, पॅशन वगैरे शब्द माझ्यासमोर काढू नकोस, माझं डोकं फिरतं. ज्या माणसाला रविवारी सकाळी दोन तास गाडीसमोर बसवत नाही तो पासाडेनाला जाऊन पण यूट्यूबच बघणार. आणि ज्याला बसवतं त्याला पासाडेना दोन वर्षांनी पण तिथेच आहे, हलत नाही ते. तू मला चिडून म्हणालीस ना, तुम्ही सेफ खेळलात म्हणून मलाही सेफ खेळायला सांगताय. असेल. थोडं खरं असेलही. पण मी सेफ खेळलो ही माझी चूक नाही, मी सेफ खेळताना बसलो नाही ही आहे. फियाट दारात उभी होती गं, तिला कुठलं तिकीट लागत होतं?

तुलाही नाही लागत. पेबल बीचचं तिकीट काही शे डॉलरचं, तो पास मला मित्राने दिला म्हणून आपण गेलो. पण त्याच आठवड्यात गुरुवारी त्याच गाड्या टूर काढतात, सेव्हंटीन माइल ड्राइव्हवरून पुढे हायवे 1 ने बिग सूरकडे, रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट बघता येतात, खूप वर्षं कार्मेलच्या ओशन अव्हेन्यूवर जेवायला थांबायच्या. आणि गंमत म्हणजे रविवारी दोन गाड्यांचे गुण सारखे पडले तर जी गुरुवारी टूर पूर्ण करून आलेली असते तिला बक्षीस. चालणाऱ्या गाडीला मान. त्या दिवशी गाड्यांवर धूळ असते, चिलटं चिकटलेली असतात, रविवारी ते सगळं कापसाच्या इअरबडने पुसून काढतात.

आणि ऑगस्टपर्यंत तरी कशाला थांबायचं. तू सॅन होजेला राहतेस! लोरायडरचं, म्हणजे जमिनीलगत खाली बसवलेल्या गाड्यांचं गाव आहे ते, त्या नावाचं मासिकच मुळी 1977 ला तिथे सुरू झालं. स्टोरी रोड आणि किंग रोडच्या बाजूला रविवारी सकाळी जा, एखाद्या टाकेरियाच्या, म्हणजे मेक्सिकन खाणावळीच्या, पार्किंगमध्ये चौसष्टची शेवरोले इम्पाला उभी दिसेल, जमिनीला पोट टेकलेली, रंगाचे इतके थर की आत बोट बुडेल असं वाटतं, आणि टपावर नाहीतर डिकीच्या झाकणावर कुणाच्या तरी आजीचं चित्र. ते चित्रवाले कुठल्या सोसायटीचे सदस्य नाहीत, आणि गाडीसमोर त्यांच्याइतका कुणी बसत नाही. मालकाला विचारायचं, सर, इथे बसून काढू का? आजपर्यंत मला एकानेही नाही म्हणलेलं नाही. एकाने तर कॉफी आणून दिली आणि मग दीड तास स्वतःच्या घटस्फोटाचं सांगत बसला, ते मात्र सहन करावं लागतं.

आता तू काढलेल्या कॅमरीच्या आरशाकडे येतो. चुका आहेत. आरशाच्या दोन्ही कडा तू सारख्या काढल्यास, कारण तुला माहीत आहे की त्या सारख्या आहेत. तुझ्या जागेवरून त्या सारख्या दिसत नव्हत्या, तुझ्याकडची कड उंच दिसत असणार. पिकअपचं चाक पण चुकलंय, लंबगोलाचा छोटा अक्ष ॲक्सलच्या रेषेत हवा, तुझं चाक पंक्चर झाल्यासारखं बाहेर कललंय. पण तो कोपर. तो कोपर फोटोत आला नसता, कारण फोटो काढायला तू फोन वर केला असतास आणि त्या माणसाने हात आत घेतला असता. आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल, पिकअपच्या बॉनेटवर तू एक वाकडी रेघ सोडलीयेस, मधेच मोडलेली. मी आधी समजलो पेन अडकलं. मग बाहेर जाऊन कॅमरीच्या मागे उभा राहिलो, आमच्या शेजाऱ्याची पिकअप समोर होती, आणि बघितलं. आकाशाची कड आहे ती. बॉनेटला पोचा असला की ती तशीच मोडते. त्या पिकअपला पोचा होता, आणि तुला तो न सांगता दिसला. झेब्राचे पट्टे न टाकता.

येत्या रविवारी साडेसातला मी तुझ्या बिल्डिंगखाली येतो. दोन घडीची स्टुलं माझ्याकडे आहेत, त्यातलं बिनडगमगणारं तुला देईन. 4बी आणि खोडरबर आण, रंग नकोत. काकू पोहे देणार आहे डब्यात, गाडीत सांडायचे नाहीत. फोन डिकीत. मी किल्ली खिशात ठेवणार आणि दहा वाजेपर्यंत मागितलीस तरी देणार नाही. आईचा फोन येईल म्हणून तिला आदल्या रात्रीच सांगून ठेव.

तुझा,
काका

ता. क. तो पार्किंगचा कागद परत मिळणार नाही. मी तो गराजमध्ये लावलाय.